उद्यानाचा माळी की दवाखान्याची नर्स? नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाकडे रुग्णाच्या नजरेने पाहताना

थोडक्यात

- उद्यान ही चैन नाही आणि औषधाला पर्यायही नाही. मधुमेह, रक्तदाब, नैराश्य आणि म्हातारपणातील अशक्तपणा यांच्या उपचारात चालण्याला जागा आहे, आणि चालायला जागा लागते.
- बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. उद्यान असो की दवाखाना, दोन्ही बहुधा इथेच अडतात.
- दिव्यांग, महिला-बालके आणि दुर्बल घटकांसाठीचा राखीव निधी हा हक्काचा आहे. तो उद्यानाच्या सुशोभीकरणाकडे वळता कामा नये.
- पैसा कमी असेल तर आधी पाणी व सफाई, मग राखीव सेवा, मग असलेल्या उद्यानांची देखभाल आणि सर्वात शेवटी नवे सुशोभीकरण, हा क्रम वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरतो.

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोप न लागणे, बाळंतपणानंतर वाढलेले वजन. तक्रार कोणतीही असो, आमच्या चिठ्ठीवरची शेवटची ओळ बहुधा एकच असते: रोज अर्धा तास चाला. गोळी लिहिली की ती कुठल्या दुकानात मिळेल हे आम्ही सांगतो. चालायचे कुठे, हे मात्र क्वचितच सांगतो.

नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरमध्ये राहणाऱ्या साठीच्या बाईंना विचारा. सकाळी रस्त्यावर चालावे तर दुचाकी, मोकाट कुत्री आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत असते. दमा असलेल्या माणसाला त्या बाजूने चालणे नको होते. उरते ते प्रभागातले उद्यान. तिथे दिवे आहेत का, फरशी उखडली आहे का, फाटक सकाळी किती वाजता उघडते, पाण्याच्या टाकीला नळ आहे का? या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे नसतात. ती नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात असतात.

राज्यातल्या अनेक नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त मंडळे पुन्हा बसली. नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही नगरपरिषदा त्यात होत्या. म्हणजे आता प्रश्न विचारायला प्रभागात नगरसेवक आहे. म्हणून हा विषय रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी समजावून सांगत आहोत.

पैसा कुठून येतो आणि कशाला बांधलेला असतो

नगरपरिषदेचा खजिना म्हणजे एकच पेटी नव्हे. त्यात तीन वेगवेगळे कप्पे असतात, आणि एकातला पैसा दुसऱ्यात सहज टाकता येत नाही.

पहिला कप्पा स्वतःच्या उत्पन्नाचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचे भाडे, बाजार फी. छोट्या शहरात हा कप्पा लहान असतो. पण कशावर खर्च करायचा हे ठरवण्याची सर्वात जास्त मोकळीक याच कप्प्यात असते.

दुसरा कप्पा केंद्राच्या वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती. शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी वेगळे आरोग्य अनुदानही याच आयोगाने दिले.

तिसरा कप्पा योजनांचा: नगरोत्थान, जिल्हा वार्षिक योजना, आदिवासी उपयोजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत योजनेत एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी हरित क्षेत्र व उद्यानांचा वेगळा वाटा ठेवला होता. या कप्प्यातून रस्ते, सभागृहे, उद्याने उभी राहतात. उद्घाटनाची कोनशिला बहुधा इथलीच असते.

अडचण अशी, की तिसऱ्या कप्प्यातून वस्तू बांधता येते, ती सांभाळता येत नाही. माळ्याचा पगार, रखवालदार, विजेचे बिल, तुटलेल्या झोक्याची साखळी हे सगळे पहिल्या, म्हणजे सर्वात लहान कप्प्यावर येते.

उदाहरणासाठी एक साधा हिशेब मांडू. समजा, प्रभागात शासनाच्या अनुदानातून ५० लाखांचे उद्यान झाले. दोन रखवालदार, एक माळी, एक सफाई कामगार, वीज, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला ६५ हजार रुपये धरा. वर्षाला ७ लाख ८० हजार झाले. साडेसहा वर्षांत देखभालीचा खर्च बांधकामाइतका होतो. ही तरतूद पहिल्याच वर्षी केली नाही, तर दोन पावसाळ्यांनंतर तिथे गाजरगवत आणि कुलूप एवढेच उरते.

दवाखान्याचेही असेच असते. इमारत अनुदानातून होते. नर्स, औषधनिर्माता, सफाई आणि चालू फ्रीज यांना दर महिन्याला पैसा लागतो.

कायदा कोणाला आधी ठेवतो

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ मध्ये कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. पाणी, सफाई, गटारे, दिवाबत्ती, लसीकरण, जन्म-मृत्यू नोंदणी ही बंधनकारक. सार्वजनिक उद्याने, वाचनालये, धर्मशाळा ही ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे अनावश्यक नव्हे. पण पैसा अपुरा पडला की कात्री आधी कुठे लागणार, हे त्या शब्दातच ठरून जाते.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांच्या १८ कामांची यादी दिली. तिच्यात सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आहे आणि उद्याने, बागा, क्रीडांगणेही आहेत. तिन्ही एकाच यादीत. त्यामुळे ‘उद्यान की माणसे’ हा वाद मुळात यादीतला नाही, तो पैशाच्या तुटवड्यातून येतो.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. स्वतःच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा राखून ठेवावा असे शासनाचे निर्देश नगरपरिषदांना आहेत: दिव्यांगांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी ५ टक्के. हा पैसा कुणाच्या मर्जीचा नाही. कुबड्या, श्रवणयंत्र, तीनचाकी, उपचाराला मदत, महिलांसाठी प्रशिक्षण अशा गोष्टी यातून होऊ शकतात. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर यूडीआयडी कार्ड घेऊन नगरपरिषदेत अर्ज करा. अनेक कुटुंबांना हा निधी असतो हेच माहीत नसते, आणि मागणारा नसला की निधी वर्षअखेरीस तसाच पडून राहतो.

उद्यानाने आजार बरे होतात का?

नाही. पण काही आजार आटोक्यात ठेवायला मदत होते, आणि ती मदत मोजता येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हा फरक केवळ आळसाचा नाही. अंधारातल्या, शौचालय नसलेल्या, टवाळखोरांनी व्यापलेल्या उद्यानात बाई जात नाही. म्हणजे हायमास्ट दिव्याचे बिल हाही स्त्रियांच्या आरोग्यावरचा खर्च आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सांगते, आणि मुलांना व किशोरवयीनांना रोज सरासरी ६० मिनिटे.

मनाच्या आरोग्याबद्दल एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंडांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली. एका गटात कचरा काढून गवत व काही झाडे लावली, छोटे कुंपण घातले आणि नियमित देखभाल केली. दुसऱ्या गटात नुसती सफाई केली. तिसऱ्या गटात काहीच केले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘उदास वाटते’ असे सांगण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी कमी झाले. गरीब वस्त्यांत हा फरक आणखी मोठा होता. नुसत्या सफाईने तसा ठोस फरक पडला नाही. खर्च होता एका भूखंडाला सुमारे १,६०० डॉलर आणि पुढे देखभालीला वर्षाला सुमारे १८० डॉलर.

फिलाडेल्फिया आणि नंदुरबार यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये. पण आपल्या कामाचा मुद्दा असा, की तिथे कारंजे नव्हते, रंगीत दिवे नव्हते, सेल्फी पॉइंट नव्हता. गवत, झाडे आणि दर महिन्याला येणारा माळी एवढ्यावर माणसांना बरे वाटले.

दुर्लक्षित उद्यान उलट आजार देते

देखभाल थांबली की उद्यान निरुपयोगी होऊन थांबत नाही, ते धोक्याचे होते.

- बंद कारंज्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पाणी काढले तर हे चक्र तुटते.
- उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर म्हातारी माणसे पडतात. खुब्याचे हाड मोडले की कित्येकांचे स्वतःच्या पायावर फिरणे कायमचे संपते.
- घसरगुंडीचा गंजलेला पत्रा मुलांना कापतो. जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- कचरा असेल तिथे कुत्री जमतात. चावा घेतल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.
- वाढलेल्या गवतात पावसाळ्यात साप असतात. सर्पदंशात भगताकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पण नंदुरबारची निकड वेगळी आहे

इथवर वाचून कुणी म्हणेल, ‘डॉक्टर, ज्या जिल्ह्यात मुलांच्या पोटात अन्न नाही तिथे बागा कसल्या?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात दोन-तृतीयांशाहून अधिक आदिवासी. शहरांत राहणारे सहापैकी एक. नंदुरबार शहराची वस्ती तेव्हा १ लाख ११ हजार होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. उद्यानाने मूल पोसले जात नाही. त्याला अंगणवाडीचा आहार, स्वच्छ पाणी, जुलाबावर वेळेत ओआरएस व झिंक आणि गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्र लागते. यातील पुष्कळ कामे जिल्हा परिषद आणि राज्य शासनाची. पण शहरातल्या झोपडपट्टीत नळाला गटाराचे पाणी मिसळू न देणे हे नगरपरिषदेचेच काम, आणि वारंवार जुलाब होणारे मूल कितीही खाऊ घातले तरी वजन धरत नाही.

दुसरी निकड निवाऱ्याची. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांतून रुग्णाला जिल्हा रुग्णालयात आणले की सोबतची माणसे कुठे झोपतात? शहरी बेघरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा निवारा असावा, असे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत होते. निवारा असेल तर नातेवाईक टिकून राहतो. नातेवाईक टिकला तर रुग्ण उपचार अर्धवट टाकून जात नाही. क्षयरोग असो की कुपोषित बाळ, उपचार पूर्ण होणे हेच बरे होण्याचे मोठे कारण असते.

तेव्हा क्रम लावायचाच झाला, तर डॉक्टर म्हणून आम्ही असा लावू:

१. पिण्याचे पाणी, गटारे, सफाई, डासनियंत्रण.
२. राखीव निधीतील सेवा: दिव्यांग, महिला-बालके, दुर्बल घटक. सोबत निवारा आणि शहरी दवाखान्याचे मनुष्यबळ.
३. असलेल्या उद्यानांची देखभाल: दिवे, सावली, पिण्याचे पाणी, सपाट वाट, शौचालय.
४. नवे उद्यान, तेही जिथे एकही मोकळी जागा नाही त्या वस्तीत आधी.
५. कारंजी, पुतळ्यांभोवतीचे सुशोभीकरण, रोषणाई.

प्रत्यक्षात बऱ्याचदा पाचवा क्रमांक तिसऱ्याच्या आधी येतो, कारण कोनशिला त्याचीच बसते. वाद तिसऱ्या आणि पाचव्यामध्ये व्हायला हवा. तो उगाच दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये लावला जातो, आणि मग माळी आणि नर्स एकमेकांचा पगार खातात असे चित्र उभे राहते.

काही शहरे उद्यान संस्थांना किंवा कंपन्यांना सांभाळायला देतात. मुंबई महापालिकेत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावर २०१६ मध्ये मोठा वाद झाला आणि सरकारला ते थांबवावे लागले. भीती अशी होती, की सांभाळणारा हळूहळू मालक होतो आणि सामान्य माणसाला फाटक बंद होते. दत्तक देणे वाईट नाही. मात्र प्रवेश मोफत, वेळा ठरलेल्या आणि करार सर्वांना पाहता येईल असा हवा.

याच जिल्ह्याने दाखवलेली वाट

वेळेवर केलेल्या खर्चाचे मोल नंदुरबारला कुणी शिकवायला नको. २०२० मध्ये करोनाची पहिली लाट ओसरत असताना तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मिती प्रकल्प उभारायला घेतले. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारणाचा निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी असे वेगवेगळे कप्पे एकत्र आणले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा या दुर्गम जिल्ह्याची चर्चा देशभर झाली.

त्यातून दोन धडे मिळतात. पैसा कमी असला तरी कप्पे जुळवता येतात. आणि संकट नसताना केलेली तरतूदच संकटात उपयोगी पडते. ऑक्सिजन प्रकल्पालाही तंत्रज्ञ, वीज आणि दुरुस्ती लागते. ती थांबली तर तोही बंद कारंज्यासारखाच.

नगरसेवकाला विचारायचे पाच प्रश्न

अंदाजपत्रक १ एप्रिलपूर्वी मंजूर व्हावे लागते. मागणी त्याआधी, हिवाळ्यातच पोहोचली पाहिजे.

१. आपल्या प्रभागातील उद्यानासाठी यंदा देखभालीची रक्कम किती? बांधकामाची वेगळी सांगा.
२. माळी व रखवालदार कोण, कोणत्या वेळेत?
३. दिव्यांग, महिला-बालकल्याण व दुर्बल घटक निधीतून मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला? तरतूद आणि खर्च हे वेगळे आकडे आहेत.
४. झाडांना पिण्याचे पाणी घालता की सांडपाणी प्रक्रिया करून वापरता?
५. नवीन काम मंजूर करताना पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठून येणार?

तोंडी उत्तर मिळाले नाही तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माहितीचा अधिकार कायदा २००५ आहेच. एकट्याने जाण्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट किंवा सकाळी चालणाऱ्यांचा गट मिळून गेलात तर फरक पडतो.

तोपर्यंत चालणाऱ्यांनी घ्यायची काळजी

- मधुमेह: गवतावर अनवाणी चालू नका. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही. बूट-मोजे घाला, घरी येऊन तळवे पाहा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- हृदयविकार, रक्तदाब: ओपन जिमच्या यंत्रांवर श्वास रोखून जोर लावू नका. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम आला तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा.
- सिकलसेल: आपल्या भागात हा आजार बराच आहे. आजार असलेल्यांनी (एसएस) हलके चालावे, दमले की थांबावे, पाण्याची बाटली सोबतच ठेवावी. ऊन, कडाक्याची थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा असह्य वेदना झाल्यास थेट रुग्णालयात जा. वाहक (एएस) व्यक्ती सहसा नेहमीचा व्यायाम करू शकतात, पण उन्हात पाणी पीत राहावे.
- उन्हाळा: मार्च ते जून सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत उघड्यावर व्यायाम नको.
- दमा: धूळ व मिरचीचा खाट असलेली बाजू टाळा, इनहेलर जवळ ठेवा.

उद्यान खराब असेल तर चालणे सोडू नका. घराची गच्ची, शाळेचे पटांगण, मंदिराचे आवार, जिथे पाय सुरक्षित पडेल तिथे चाला. पुढच्या तपासणीला आलात की शुगरच्या आकड्याबरोबर हेही सांगा, की चालायला जागा मिळते की नाही. आम्ही तेही केसपेपरवर लिहून ठेवू, आणि तुमच्या अर्जाला आधार म्हणून त्याची प्रत जोडता येईल.